बर्फाच्या खणातले बीट

हे सांगायचं मी पंधरा वर्षं टाळलं. आधी नोकरी चालू होती म्हणून, मग निवृत्तीचे कागद अडकले होते म्हणून, मग ज्यांच्यासमोर कबूल करायचं ते स्वतःच राहिले नाहीत म्हणून. कारणं मिळत गेली. आज मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. ज्या प्राचार्यांना मी घाबरत होतो ते गेले, ज्या परीक्षकांना घाबरलो तेही गेले. आता सांगण्यात माझं काहीच जात नाही. याला धाडस म्हणत नाहीत, हे मला कळतं.

ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते बालाघाटच्या आमच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. एकदा मी त्यांचं नाव कागदावर लिहिलं आहे, तेवढं पुरे झालं. कॉलेजात मी त्यांना एकेरीत हाक मारत असे. ते माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, आणि तिथली तशीच रीत होती. आज तसं लिहायला हात धजत नाही.

ते आठवले की आधी त्यांचा उजवा हात दिसतो. दोन बोटांत धरलेली परीक्षानळी, तिच्यामागे वहीचा कोरा कागद, खिडकीकडे वळवलेली मान आणि मिटलेला डावा डोळा. नळीतल्या पाण्यात लाल रंगाची एखादी रेघ जरी दिसली तरी ते नळी ओतून टाकायचे आणि चकत्या पुन्हा धुवायला घ्यायचे. घाई करणाऱ्याला म्हणायचे, "कापलं का रडतेच ते. पयले रडू द्या, मंग तपासा."

बीटचा हा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी केला असेल. बीटच्या एकाच मापाच्या चकत्या कापायच्या, वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवायच्या आणि कुठल्या पाण्यात किती रंग उतरतो ते पाहायचं. बीटच्या प्रत्येक पेशीत रंगाची एक पिशवी असते आणि तिच्याभोवती अगदी पातळ पडदा. तीस अंशांवर तो पडदा रंग धरून ठेवतो. चाळीसला थोडा ढिला पडतो. पन्नास ओलांडलं की त्याचा धीर सुटतो, आणि सत्तरच्या नळीतलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं होतं. पण चकती कापताना कडेच्या पेशी फुटलेल्याच असतात. त्यांचा रंग आधी धुऊन काढला नाही तर सगळा हिशेब चुकतो. पोरं हे धुणं उरकून टाकायची. "काका, हो गया न?" असं विचारायची. ते त्यांच्या खास हिंदीत सांगायचे, "अब्बी रो रहा है."

आमचा जिल्हा हिंदी राज्यातला, म्हणून घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. कॉलेजात शिकवणं हिंदीत, कागदपत्रं हिंदीत, भांडणंसुद्धा हिंदीत. अख्ख्या विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ते राजेगावहून रोज बसने यायचे. सकाळी दार उघडता उघडता काल गावात काय झालं ते त्यांच्या बोलीत सांगायचे, आणि मी वर्गात जाईपर्यंत तेवढा वेळ माझ्याही तोंडी माझ्या आईची भाषा यायची. हे सुख किती मोठं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत. पण नजर अशी की आम्ही लोक थक्क व्हायचो. रंग मोजायचं यंत्र, कलरीमीटर, विभागात होतं. ते बंद पडलेलं होतं आणि दुरुस्तीच्या अर्जाला उत्तर येत नव्हतं. तेव्हा त्यांनी स्वतः दहा नळ्या तयार केल्या. पहिलीत साधं पाणी, दहावीत गडद रस, मधल्या आठ नळ्यांत पायरीपायरीने वाढत जाणारा रंग. बुचं मेणाने बंद केली, वर आकडे चिकटवले. विद्यार्थी आपली नळी त्या रांगेशी लावून आकडा लिहायचे. रंग उडाला की ते रांग नव्याने करायचे, कुणी न सांगता. पोरं म्हणायची, कॉलेज को मशीन की क्या ज़रूरत, काका खुद मशीन हैं. एकदा पोरांनी त्यांची परीक्षा घेतली. नळीवरचा आकडा झाकून विचारलं, काका, ये कितने डिग्री का? त्यांनी नळी खिडकीकडे धरली आणि म्हणाले, चौवन. नळी पंचावन्नची होती. पोरं हसली. ते म्हणाले, थर्मामीटर तपासून घ्या. तपासला, तर तो खरंच एक अंश जास्त दाखवत होता.

बीटवर त्यांचं भागलं नाही. लाल भाजी, जांभूळ, पळसाची फुलं, लाल कांद्याची साल, जे रंगीत दिसेल ते ते गरम पाण्यात घालून पाहायचे. निकाल मला सांगताना आवाज असा, जणू शेजारच्या घरातली बातमी आणली आहे. पळस लवकर सोडते सर, त्याच्या पोटात काई राहत नाई. कांदा चिवट आहे.

एका डिसेंबरात ते मला वर्गाच्या दारातून खुणा करायला लागले. तास संपवून गेलो. त्यांनी दोन नळ्या पुढे केल्या. दोन्हीतलं पाणी लाल. मी म्हटलं, साठवर ठेवल्या का? ते म्हणाले, "नाई सर. बर्फाच्या खणात ठेवल्या होत्या. थंडीनंबी सोडते."

मला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. पाठ्यपुस्तकातला आलेख तीस अंशांपासून सुरू होतो; त्याच्या खाली काय होतं ते आम्ही कधी शिकवलंच नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा करून दाखवलं. मग मी स्टुलावर बसून त्यांना समजावलं. पेशीत पाणी असतं, त्याचं बर्फ होतं, बर्फ फुगतं, त्याच्या टोकदार सुया होतात आणि त्या पडद्याला आरपार जातात. गोठलेलं असेपर्यंत काही दिसत नाही. वितळलं की सगळं वाहून जातं. ते म्हणाले, म्हंजे जाळा का गोठवा, फुटायचं ते फुटतेच. मी म्हटलं, हो. एवढं नीट मी वर्गात कधी शिकवलं नसेल. संध्याकाळी निघताना ते म्हणाले, गोठून वितळलेलं बीट हातालेच कळते सर, अंगठ्याखाली दबते. हे मी त्यांच्याकडून शिकलो. बाकीचं त्यांना मी शिकवलं होतं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

ते अकरा वर्षं रोजंदारीवर होते. सुटीत घरी, सत्र सुरू झालं की पुन्हा हजर, असं अकरा वेळा. अकराव्या वर्षी पहिल्यांदा अशा लोकांना कायम करायचं पत्र आलं आणि आमच्या कॉलेजातून चार नावं पाठवायचं ठरलं. त्यांचं नाव दुसरं होतं. त्यांनी ते घरी सांगितलं, आणि मला वाटतं राजेगावात सगळ्यांनाच सांगितलं असावं, कारण त्या महिन्यात ते इस्त्रीचे शर्ट घालून यायला लागले. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर बापाच्या नोकरीपुढे काय लिहायचं, हे त्यांनी मला हसत विचारलं होतं. मी म्हटलं, थोडे दिवस थांब, मग 'शासकीय' लिही.

मार्चमध्ये अंतिम वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. परीक्षक बाहेरून येणार होते आणि कडक म्हणून त्यांची ख्याती होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांना कायम होण्यासाठीचे दाखले काढायला तहसिलीत जायचं होतं. सुटी मागताना त्यांना एकच काळजी, परीक्षेचे बीट कोण आणणार. मी म्हटलं, मी आणतो, तू जा. त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, मधल्या आकाराचे घेजा, शेपटी तुटलेली नसावी, आणि ओल्या पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवजा, फ्रिजची गरज नाई.

मी गुजरीतल्या भाजीवाल्याकडून बीट आणले. मार्चचं ऊन, दुपारीच पोतं वाळेल असं वाटलं. फ्रिज उघडला तर खालचे सगळे कप्पे भरलेले. परीक्षकांच्या पाहुणचारासाठी विभागप्रमुखांनी मिठाईचे डबे आणि शीतपेयांच्या बाटल्या ठेवल्या होत्या. रबडीला हलवायची माझी हिंमत नव्हती. वरचा बर्फाचा खण रिकामा होता. मी पिशवीतले बीट त्यात कोंबले आणि दार ढकलून लावलं. माझ्या मनात एकदाही आलं नाही. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या मनात हे आलं नाही, यावर आजही माझा विश्वास बसत नाही. पण तसंच झालं.

सकाळी लवकर गेलो. बीट दगडासारखे. तेव्हा मात्र कळलं. परीक्षेला तासभर होता. त्या तासात गुजरीत जाऊन नवे आणता आले असते. पण बाहेर व्हरांड्यात प्रमुख उभे होते, त्यांना सांगावं लागलं असतं. त्या वर्षी त्यांच्यानंतर प्रमुख कोण, याची फाईल निघाली होती आणि तिच्यात माझं नाव होतं. मी बीट बादलीत टाकले, नळाचं पाणी सोडलं, आणि स्वतःला सांगितलं की कदाचित आतपर्यंत गोठले नसतील.

ते आले तेव्हा बीट पुसून टेबलावर मांडलेले होते. त्यांनी एक उचलला, अंगठा दाबला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, हे बर्फात होतं काय?"

मी म्हटलं, "नाही रे. गुजरीतूनच असे आले."

त्यांनी दुसरा दाबून पाहिला. मग हळूच म्हणाले की चौकीदाराची सायकल आहे, दहा मिनिटांत दुसरे आणतो. मी म्हटलं, वेळ नाही, काप.

त्यांनी कापले. धुतले. पाणी बदललं, पुन्हा धुतले. मी घड्याळ पाहत उभा होतो आणि त्यांच्या हातातलं पातेलं दर वेळी तसंच लाल. "साफच होऊन नाई राह्यलं सर," ते म्हणाले. मी म्हटलं, पुरे आता.

पुढे जे व्हायचं तेच झालं. तीस अंशांच्या नळीत लाल, चाळीसला लाल, सत्तरलाही तसंच लाल. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बहुतेकांनी पुस्तकातले आकडे पाठ होते ते वहीत उतरवले आणि सुंदर आलेख काढले. पाच-सहा जणांनी समोर दिसलं ते लिहिलं. परीक्षकांनी एक वही उचलली, मग तिच्या बाजूची नळी उचलली, आणि त्यांचा चेहरा कठोर झाला. पुस्तकातले आकडे लिहिणाऱ्यांना ते खोटारडे म्हणाले, आणि दिसलं ते लिहिणाऱ्यांना प्रयोग जमला नाही म्हणाले. एक मुलगी रडायला लागली. परीक्षकांनी अहवालात लिहिलं की सामग्री निकामी होती आणि कॉलेजने जबाबदारी निश्चित करावी.

प्राचार्यांनी मला बोलावलं. बीटची सामग्री माझ्या देखरेखीखाली होती, तेव्हा दोन दिवसांत लेखी खुलासा मागितला. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, ठीक से धोया नहीं होगा उसने. ते पुढे म्हणाले, इन लोगों से और क्या उम्मीद रखें.

इन लोगों म्हणजे कोण ते मला समजलं. आमचे परिचर बौद्ध होते. विभागात चहा व्हायचा तेव्हा त्यांचा पेला खिडकीत वेगळा असायचा. तो तिथे कुणी ठेवला हे कुणी सांगितलं नसतं, आणि तिथून तो कुणी हलवलाही नाही. मी बाहेर स्वतःला पुढारलेला समजत असे. त्या खोलीत मी मान डोलावली. ते आमच्यातले, माझ्या नात्यागोत्यातले असते तर ती मान डोलली असती का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. उत्तर मला ठाऊक आहे.

त्या दोन दिवसांत ते नेहमीसारखे आले. नळ्या घासल्या, ब्लेड पुसून ठेवले. विशेष एवढंच की माझ्या खोलीत ते काही ना काही निमित्ताने येत राहिले. खडू आहेत का, खिडकी लावू का, पाणी भरून ठेवू का. येऊन क्षणभर उभे राहायचे आणि जायचे. मला वाटलं, घाबरला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुलासा लिहिला. त्यातलं वाक्य अजून पाठ आहे. "सामग्री की तैयारी में परिचर द्वारा लापरवाही बरती गई।" खाली त्यांचं नाव, अकरा वर्षांत पहिल्यांदा मी पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मग सही केली.

कार्यालयातल्या बाबूने कोणाला तरी सांगितलं असावं. संध्याकाळी ते माझ्यापाशी आले.

"सर, माह्या नावानं काई लिवलं काय?"

मी म्हटलं, "फॉर्मॅलिटी असते ती. काही होत नाही."

"हौ," ते म्हणाले. आणि बस पकडायला गेले.

नावांची यादी गेली तेव्हा तीनच नावं होती. पुढच्या सत्रात त्यांना बोलावणं गेलं नाही. मी प्रमुख झालो. नवा माणूस आला, तो चकत्या एकदाच धुवायचा. मी त्याला कधी टोकलं नाही.

तीन-चार वर्षांनी मी एका लग्नासाठी वारासिवनीला गेलो होतो. बसस्टँडवर मागून आवाज आला, "सर." वळून पाहिलं तर भुवयांवर, कानांवर, गळ्याच्या सुरकुत्यांत कोंड्याची पांढरी भुकटी. त्यांनीच ओळख दिली नसती तर मी पुढे गेलो असतो. राइस मिलमध्ये लागले होते, उसण्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या हौदावर. धान गरम पाण्यात भिजवून मग वाफवतात, तिथे पाण्याची राखण करायची. मी कसाबसा विचारलं, बरं चाललंय ना? त्यांना दुसरंच सांगायचं होतं. धानबी रंग सोडते सर, म्हणाले. पाणी जास्त तापलं का फोलाचा रंग आत उतरते अन् तांदूळ पिवळा पडते. मालकाले थर्मामीटर सांगते, मी पाण्याचा रंग पाहून सांगतो. मग खोकला आला. खोकला थांबायला बराच वेळ लागला. तोंड पुसून त्यांनी विचारलं, "बीट आता कोण आणते?"

मी म्हटलं, नवा माणूस आणतो. ते म्हणाले, त्याले सांगजा, ओल्या पोत्यात ठेव म्हणा. माझी बस लागली होती. लागलेली नव्हती खरं तर, पण मी समोर उभ्या असलेल्या पहिल्या बसमध्ये चढलो आणि कटंगीच्या वाटेवर दोन स्टॉप पुढे जाऊन उतरलो.

त्यानंतर मी निवृत्त झालो. मागच्या वर्षी राजेगावचा एक जुना विद्यार्थी बालाघाटात भेटला. त्याने सांगितलं की काका फार आजारी आहेत, फुप्फुसं गेली आहेत, गोंदियाच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी आठ दिवस विचार केला. मग बसलो बसमध्ये. वाटेत एक वाक्य तयार केलं, ते छोटं केलं, पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.

घर सापडलं. विटांच्या दोन खोल्या, ओसरीत खाट. ते उशीला टेकून बसले होते, कारण आडवं झालं की श्वास अडायचा. मला पाहून उठू लागले. मी खांद्याला धरून बसवलं. त्या खांद्यात काही उरलं नव्हतं. वहिनी आत चहा ठेवायला गेल्या. मी खुर्ची ओढून बसलो आणि हवापाणी, गाव, माझा गुडघा असं बोलत राहिलो. ते ऐकत होते. दोन वाक्यांच्या मधे त्यांना थांबावं लागत होतं.

मग तेच म्हणाले, "मले त्याच रोजी मालूम होतं सर."

"परीक्षा झाल्यावर बर्फाचा खण उघडलो. तळाले लाल दाग होता. बीटचाच. मीच पुसलो तो."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "काहून पुसलं?" आईच्या बोलीतला तो शब्द किती वर्षांनी माझ्या तोंडी आला.

ते खोकले. मग शांतपणे म्हणाले, "कोनी पाह्यलं असतं त तुमची बदनामी झाली असती. मले वाटलं, मोठ्या सायबाले तुम्ही सोताच सांगसान. दोन दिवस वाट पाह्यलो."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. निकाल सांगताना असायचा तसाच आवाज होता. मला ते दोन दिवस आठवले, खडू, खिडकी, पाणी. ते घाबरले नव्हते. दर वेळी ते मला एक संधी द्यायला दारात उभे राहत होते. आणि ज्या एका डागाने त्यांची नोकरी वाचली असती, तो त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या फडक्याने पुसून टाकला होता.

माझं वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. मी कप हातात घेतला. चहा पिऊन झाला. वहिनी तिथेच बसून राहिल्या, आणि मी म्हटलं, आराम कर, पुन्हा येतो. त्यांनी मान हलवली. वाक्य घेऊन मी तसाच परत आलो.

पुन्हा गेलो तो ते गेल्यावर, त्यांच्या जलदान विधीला. विहारासमोर मांडव होता, सतरंज्या होत्या, समोर पांढऱ्या कापडावर त्यांचा फोटो, त्यात ते इस्त्रीच्या शर्टात होते. मिलमधले लोक आले होते, गावातले आले होते. वंदना झाली. मग एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. कुणी सांगितलं की ते कधी कुणाशी भांडले नाहीत. मिलमधला एक जण म्हणाला की हौदावर त्यांच्यासारखा माणूस पुन्हा मिळणार नाही. मी मागे खुर्चीत बसलो होतो. त्यांच्या मुलीने मला पाहिलं आणि माईकवरच्या माणसाच्या कानात काही सांगितलं. तो म्हणाला, बालाघाटच्या कॉलेजचे सर आले आहेत, त्यांच्या हाताखाली दादांनी अकरा वर्षं काम केलं, सरांनी दोन शब्द बोलावे.

मी उठलो. पुढे गेलो. माईक हातात आला. समोर दीड-दोनशे माणसं, सगळी त्यांची. इतकी योग्य जागा मला आयुष्यात दुसरी मिळणार नव्हती, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. मी म्हणालो, ते फार प्रामाणिक होते. फार हुशार होते. त्यांच्यासारखी नजर मी कुठल्या प्राध्यापकाची पाहिली नाही. त्यांना कायम व्हायला हवं होतं, पण झाले नाहीत, हे आमच्या कॉलेजचं दुर्दैव. लोकांनी माना हलवल्या. मी हे असंच म्हणालो, दुर्दैव. आणि माईक परत दिला.

निघताना वहिनी मांडवाच्या कडेपर्यंत आल्या. पांढरं लुगडं, डोळे कोरडे. त्यांनी मला हात जोडले आणि म्हणाल्या, "तुम्ही आले, चांगलं बोलले, लय बरं वाटलं सर. तुमचं नाव ते नेमी घेत. म्हणत, मले सर्वं सरांनीच शिकवलं."

वहिनी, ते बीट बर्फात मी ठेवले होते. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि कागदावर त्यांचं नाव लिहिलं तेव्हा दुसऱ्यांदा खोटं बोललो. त्यांची चूक काहीही नव्हती. मला माफ करा. एवढंच होतं, एका दमात म्हणता आलं असतं.

मी त्यांना विचारलं की बालाघाटची बस इथून किती वाजता मिळते.